अर्थिंगचं पाणी

आप्पासाहेबांच्या शेडमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, खोलीला पंखा लागला आणि खिडकीला पडदा. आम्हा माणसांना पंखा नव्हता. शेड वाळूजला, मोठ्या कारखान्यांच्या मागच्या ओळीत होतं. तिथं रबराचे वायसर आणि गॅस्केट बनायचे. मी गेटवर वॉचमन होतो आणि माझी बायको म्हाळसाबाई आतलं झाडणं-पुसणं बघायची. मेंढरं विकून आम्ही बजाजनगरात खोली केली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

कॉम्प्युटर हौसेनं घेतलेला नव्हता. ज्या मोठ्या कंपनीला माल जायचा तिनं कळवलं होतं की हातानं लिहिलेलं चालान यापुढं चालणार नाही, छापलेलंच पाहिजे. चालान नसेल तर टेम्पो त्यांच्या गेटवरून परत. आप्पासाहेबांचा भाचा रामकिसन बी.कॉम. होऊन घरीच होता, त्याला मशीनपुढं बसवलं. आणि मशीन बिघडलं तर दुरुस्तीला बन्सी यायचा.

बन्सी भावसिंगपुऱ्यात राहायचा. वय तिशीच्या आतबाहेर. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आणि मग पुण्याला राहून हे नवं काम शिकून आला होता. लुनावर यायचा, पायांमध्ये अवजारांची पेटी. आप्पासाहेबांनी ठेवला म्हणून आमच्या ओळीतल्या बाकीच्या शेडवाल्यांनीही त्यालाच ठेवला. त्याचं घर या एका ओळीवर चालायचं. आप्पासाहेबांनी काढला असता तर बाकीच्यांनीही काढला असता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

त्याचं काम बघायला मला आवडायचं. दर महिन्याला तो कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, रंगाच्या ब्रशनं धूळ झाडायचा, सायकलच्या पंपानं कानाकोपऱ्यातली धूळ उडवायचा. रॅमची पट्टी काढून तिची पितळी कड शाळेतल्या खोडरबरनं पुसायचा आणि परत बसवायचा. मशीन चालू केलं की पडद्यावर आकडे पळायचे. मी एकदा विचारलं, हे रोज काय मोजतं?

"काका, झोपेतून उठल्यावर तुम्ही आधी हातपाय हलवून बघता का नाय? तसं हे बघतं," बन्सी म्हणाला. "माझी रॅम किती, कीबोर्ड जाग्यावर हाय का. हे शिकवून कारखान्यातूनच पाठवलेलं असतं. बायोस म्हणतात त्याला. पण डिस्कचं माप किती अन् आज तारीख काय, ते आपण सांगायचं. मग एका बारक्या बॅटरीवर ते ध्यानात ठेवतं."

"आन इसरलं तर?"

"इसरलं तर डिस्क असूनही नाय म्हणतं. आत सगळं शाबूत असतं, पण ह्याला दिसत नाय."

डिस्कचे आकडे त्यानं डब्याच्या झाकणाला आतून स्केच पेननं लिहून ठेवले होते.

मशीन बसवताना ऑफिसच्या मागच्या बाजूला त्यानं एक खड्डाही खणून घेतला होता. त्यात तांब्याची पट्टी पुरली, तिच्याभोवती कोळसा, खडेमीठ आणि माती भरली, आणि तिथून एक तार प्लगापर्यंत नेली. अर्थिंग. तारेतून सुटलेली वीज अंगावर न येता जमिनीत जावी म्हणून ही वाट. पण जमीन ओली असेल तरच ती वाट चालते. त्यानं म्हाळसाबाईला सांगितलं, दर आठवड्याला खड्ड्यात एक बादली ओतायची, अधूनमधून मूठभर मीठ टाकायचं. मिठाचं पोतंही आणून ठेवलं. ती बरं म्हणाली.

ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची होती. मी तेव्हा साक्षरतेच्या वर्गात नुकता वाचायला शिकलो होतो, आणि वाचायला सगळ्यात जास्त मिळायचं ते भिंतींवर. एका भिंतीवर लिहिलेलं असायचं, झालंच पाहिजे. दुसरीवर, होऊ देणार नाही. मी शहरात शिरलो की दोन्ही भिंती वाचत जायचो. सोळा वर्षं ते चाललं. त्यात माणसं मेली, घरं जळाली, गावं दुभंगली. आमच्या शेडमध्येही दोन्हीकडचे लोक होते, पण रबराची मशिनं चालू असली की आवाजात कुणाला बोलता येत नसे.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्याच्या आदल्या दिवशी बन्सी महिन्याच्या सफाईला येऊन गेला होता. संक्रांतीला तो विद्यापीठाच्या गेटवर होता, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. सांगताना आवाज खाली होता, पण चेहरा फुललेला होता. गडबड होईल म्हणून शेड काही दिवस बंद ठेवलं. उघडलं त्या सकाळी रामकिसननं बटण दाबलं, तर मशीन सांगू लागलं की तारीख एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे आणि डिस्क नाही.

बन्सीला बोलावलं. त्यानं बॅटरी बदलली, आकडे पुन्हा भरले, मशीन उठलं. रामकिसननं चालान छापायला घेतलं, प्रिंटर दोन ओळी कर्रकर्र वाजला आणि सगळं जागच्या जागी थिजलं. बंद करून चालू केलं तर पुन्हा ऐंशी साल, पुन्हा डिस्क नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं रॅम बदलली. शेजारच्या शेडमधली प्रिंटरची केबल आणून लावली. प्रत्येक वेळी मशीन चालायचं, प्रत्येक वेळी छापायला लागलं की मरायचं. शनिवारी माल जायचा होता.

गुरुवारी पाळी सुटली तेव्हा आप्पासाहेब गेटवर उभे होते. बन्सी लुना काढत होता. बाहेर पडणारे कामगार, आत येणारे कामगार, सगळे तिथंच.

"काय रं, झालं का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. अजून सापडंना."

"सापडंना का सापडवायचं नाय?" हे रामकिसन मागून म्हणाला. "मामा, तेरा तारखेला मशीन चांगलं व्हतं. ह्यानं उघडलं, अन् मग बिघडलं. जाताजाता ह्यानंच डोकं फिरवलं त्याचं."

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या गावात या प्रश्नावर कडक बोलणारे पुष्कळ होते, ते स्वतः कमी बोलायचे. पण त्या दिवशी बोलले.

"नाव पायजे व्हतं, भेटलं. आता आमच्या मशीनचं वाटोळं कशापायी केलं, बन्सी?"

बाहेर निघालेले कामगार जागीच थबकले.

"साहेब, मशीनला काय ठाऊक विद्यापीठाचं नाव?" बन्सी म्हणाला.

"मशीनला नसंल. तुला हाय ना. शनवारपर्यंत चालू झालं पायजे. नायतर मी शेजारीपाजारी सांगणार, की ह्या माणसाला दारात घेऊ नका."

बन्सीनं लुनाला किक मारली. ती लगेच लागली नाही. सगळे बघत असताना त्याला पुन्हा पुन्हा मारावी लागली.

शुक्रवारी तो सकाळीच आला. पोह्याची पुडी मी त्याच्यापुढं धरली, त्यानं हातानंच नको म्हटलं. दुपारपर्यंत मदरबोर्ड बाहेर काढून टेबलावर पसरला होता. भिंग लावून एकेक सांधा बघत होता. रामकिसन खुर्चीत बसून त्याच्या हातांवर नजर ठेवून होता, जणू बन्सी काही खिशात घालणार होता. शेवटी सगळं परत जोडून बन्सीनं मशीन चालू केलं आणि नुसतं बघत बसला.

म्हाळसाबाई फरशी पुसायला आली. मी दारात होतो. तिनं फरशी पुसली, टेबल पुसलं, मग डबा पुसायच्या आधी ओलं फडकं खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

बन्सीनं विचारलं, "मावशी, हात कशाला जोडता?"

"जोडावं लागतं बाबा. जागृत हाय ते."

रामकिसन हसला. "दसऱ्याला हळद-कुंकू वाहिलं ना मशीनला, तवापासून मावशीचा देव झालाय त्यो."

"हास तू. तुझ्या पायात बूट असत्यात. मी उघड्या पायानं, वल्या फरशीवर. हात लावला का अंगात सण्णदिशी येतंय. आमच्या आत्याबाईच्या अंगात यायचं, तिला धरलं तर असंच लागायचं."

"कवापासून?" बन्सी उभा राहिला होता.

"झालं की लई दिस. दिवाळीच्या मागं. आधी बारीक व्हतं."

बन्सीनं बूट काढले, मोजे काढले, पँट घोट्याच्या वर दुमडली आणि तिच्या ओल्या फरशीवर उभा राहिला. मग हात उलटा करून बोटाची मागची बाजू डब्याच्या पत्र्याला टेकवली. झटक्यानं हात काढला. पुन्हा टेकवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला आपल्याच घराची वाट चुकल्याचं कळावं तसा तो दिसत होता.

"मावशी," तो हळू म्हणाला, "मागच्या खड्ड्यात पाणी टाकता ना?"

म्हाळसाबाईनं फडकं उचललं आणि पिळलं. ते आधीच पिळलेलं होतं.

बन्सी तसाच अनवाणी मागं गेला. मी गेलो, ती आमच्या मागून आली. रामकिसन खुर्चीतच राहिला. खड्ड्यावरची माती भेगाळून तिच्या खपल्या उठल्या होत्या. मिठाचं पोतं भिंतीला टेकलेलं होतं, रिकामं. आणि सगळीकडं लेंड्या पडलेल्या.

"हितं मेंढरं येतात का?"

"माझ्या भावाची," म्हाळसाबाई म्हणाली. "सूर्यभानची. दिवाळीपासून मागच्या मोकळ्या प्लॉटावर बसलीत. औंदा पुढं चारा नाय, म्हणून थांबलाय."

सूर्यभान तिथं उतरलाय हे मलाही माहीत होतं. मी रोज त्याच्याबरोबर बिडी ओढायचो. पण गेट पुढं होतं आणि खड्डा मागं. पाण्याचं मला त्या दिवशीच कळलं.

"खड्ड्याचं पाणी मेंढरांना पाजलं?"

"सगळ्यांना कुठं पुरतंय. कोकरांना अन् व्यालेल्या मेंढ्यांना." ती खड्ड्याकडं बघत बोलत होती. "मी बादली घेऊन आले का ती कुंपणाला तोंडं लावून उभी राहायची. त्यांच्यादेखत मी भुईत बादली ओतू? भुई काय मागत व्हती?"

"आन मीठ?"

"चाटायला घातलं. मेंढराला मीठ लागतंय."

बन्सी खाली बसला आणि हसायला लागला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसत होता. मलाही हसू आलं. म्हाळसाबाईला मात्र आलं नाही.

"ह्याच्यामुळं बिघडलं व्हय रं?"

"ह्याच्यामुळंच. विजेला जायला वाट नाय राहिली, म्हणून ती पत्र्यात साठली. प्रिंटर चालू झाला का तिकडनं धक्का, हिकडनं धक्का. त्या धक्क्यात बिचारं सगळं इसरून जायचं." मग त्यानं वाळल्या मातीची एक खपली उचलली. "आन मी हप्ताभर त्याचं पोट फाडून बघतोय. मला पहिल्याच दिवशी हितं यायला पायजे व्हतं. पण समदे म्हणत व्हते मी आत काय तरी केलं, म्हणून मीबी आतच शोधत बसलो."

म्हाळसाबाई म्हणाली, "आप्पासाहेबाला सांग जा."

"तुमचं काम जाईल मावशी."

"आन नाय सांगितलं तर?"

बन्सी उठला. "तुम्ही काय बोलू नका. काका, एक बल्ब बघा बरं. शंभरचा. होल्डर अन् वायरसकट."

मी बल्ब आणला. आप्पासाहेबांना बोलावलं, त्यांच्याबरोबर रामकिसन आला. बन्सीनं बल्बची एक वायर प्लगातल्या जिवंत तारेला लावली आणि दुसरी अर्थिंगच्या तारेला. बल्बमधली तार नुसती लाल झाली, विझत्या बिडीसारखी.

"साहेब, अर्थिंग चांगलं असतं तर बल्ब घरातल्यासारखा पेटला असता. खड्डा वाळलाय. सगळा बिघाड ह्याचाच."

"म्हणजे काय, मातीत पाणी नाय म्हणून कॉम्प्युटर बंद?" आप्पासाहेबांना ते खरं वाटेना.

"व्हय. अन् चूक माझी हाय. मी मशीन उघडत बसलो, खड्ड्याकडं आलोच नाय."

"बघा मामा," रामकिसन म्हणाला, "कबूल झाला."

"चूक तुझी," आप्पासाहेब सावकाश म्हणाले. "मग मी काय वेगळं बोललो व्हतो?"

बन्सी वायर गुंडाळायला लागला. मला वाटलं झालं, आता हा जाणार. तेवढ्यात म्हाळसाबाई माझ्या पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"पाणी मी मेंढरांना पाजलं, आप्पासाहेब. मीठबी त्यांनाच घातलं. ह्यानं मला सांगितलं व्हतं खड्ड्यात वत म्हणून. मी वतलं नाय. ह्यो खोटं बोलतोय, माझ्यासाठी."

"तू गप," मी म्हणालो.

"का गप? त्याचं नाव घालवायचं अन् मी भाकर खायची?" ती आप्पासाहेबांकडं वळली. "तुमच्या आबांच्या काळी ह्याच रानात आमची मेंढरं बसायची. खत तुम्हाला, पाणी त्यांना. असा करार व्हता. सूर्यभानला अजून तेच ध्यानात हाय. त्याला शेड दिसत नाय, रान दिसतंय."

आप्पासाहेब भेगाळलेल्या मातीकडं बघत राहिले. ही जमीन एमआयडीसीत जायच्या आधी त्यांचीच होती. त्यांनी तिथं ज्वारी पेरलेली मी स्वतः पाहिली होती.

"विहीर कुठं व्हती गं?" त्यांनी विचारलं.

"पलीकडच्या शेडखाली गेली."

"तुझं मागून बघू," ते म्हणाले. ते मागून त्यांनी कधीच बघितलं नाही, ती पुढं कितीतरी वर्षं तिथंच कामाला होती. "आधी पाणी आणा."

टाकीतून पाणी काढलं. म्हाळसाबाईनंच ओतलं. पहिली बादली भेगांत गेली, जशी ओतलीच नव्हती. मी पळत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून खडेमीठ आणलं. पुढची बादली मिठाची. बल्ब अर्थिंगच्या तारेला लावलेला होता, रामकिसन तो हातात धरून होता. आधी काही झालं नाही. मग बल्बमधली तार नारिंगी झाली, मग पिवळी. माती पाणी पीत होती तसा उजेड वाढत होता. रामकिसनचं तोंड त्या उजेडात अगदी लहान मुलासारखं दिसायला लागलं, त्याला तेव्हा कुणाचा राग आठवत नव्हता.

"मामा, बघा की!" तो म्हणाला.

बल्ब डोळ्यात खुपायला लागला तेव्हा बन्सीनं वायर काढली. आम्ही सगळे आत आलो. झाकणावरचे आकडे बघून त्यानं डिस्कचं माप भरलं, तारीख भरली. मग उठला आणि रामकिसनला म्हणाला, "तू बस. पुढच्या खेपेला तुला यायला पायजे." त्याच्याकडून सगळं पुसून घेऊन पुन्हा भरून घेतलं. रामकिसन दोनदा चुकला, बन्सी चिडला नाही. प्रिंटर चालू झाला. पहिली ओळ, दुसरी ओळ, सगळं चालान बाहेर आलं. म्हाळसाबाईनं ओल्या फरशीवर उभं राहून डब्याला हात लावून बघितला.

"गेलं," ती म्हणाली. मला वाटतं तिला थोडं वाईटही वाटलं.

आप्पासाहेबांनी चहा सांगितला. बन्सी बूट घालत होता.

"बस की. चहा घेऊन जा."

"साहेब, चहा नको. एक काम हाय तुमच्याकडं."

"बोल."

"काल गेटात जे म्हणालात, ते सगळ्यांदेखत म्हणालात. पाळी सुटायची येळ झाली. आता जे झालं तेबी तिथंच सांगा."

रामकिसननं मान खाली घातली. आप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं, नंतर पडदा, नंतर पंखा. त्यांच्या वयाच्या माणसाला तिशीतल्या पोरानं असं सांगितलेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नसावं. पण ते उठले.

भोंगा झाला. बाहेर पडणारे आणि आत येणारे, पुन्हा तीच माणसं. बन्सी लुना धरून उभा होता. आप्पासाहेब गेटाच्या मधोमध आले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐका रं. मशीन चालू झालं. त्याला काय झालं नव्हतं. मागचा खड्डा वाळला व्हता."

लोक माना हलवून निघायला लागले. आप्पासाहेबही वळले.

"साहेब," बन्सी म्हणाला. "माझं नाव घेऊन सांगा."

लोक थांबले. आप्पासाहेब पाठमोरे उभे राहिले. मी गेटची कडी हातात धरून होतो आणि मला वाटत होतं की आता ते आत निघून जातील, आणि गेले तर त्यांना कोण काय म्हणणार होतं. पण ते गेले नाहीत. मग वळले.

"बन्सीनं काय केलं नव्हतं," ते म्हणाले. "मी काल बोललो ते चुकीचं व्हतं."

बन्सीनं मान हलवली. खिशातून आमच्या ऑफिसच्या खोलीची किल्ली काढली, ती त्याच्याकडं कायम असायची, आणि माझ्या हातात दिली.

"आता दुसरा माणूस बघा, साहेब. रामकिसनला आकडे भरता येतात, तवर अडणार नाय. खड्ड्याला पाणी तेवढं चुकवू नका."

"आरं, म्हणलो ना मी," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

"म्हणालात. तेवढ्यासाठीच थांबलो व्हतो."

मी गेट पुरं उघडलं. एरवी लुनासाठी मी अर्धंच उघडायचो. तो गेला. आप्पासाहेब त्या उघड्या गेटात उभे राहून रस्त्याकडं बघत होते, आणि लोक त्यांना टाळून दोन्ही बाजूंनी जात होते.

पुढच्या आठवड्यात त्याची लुना शेजारच्या शेडपुढं लागलेली दिसली, नंतर त्याच्याही पुढच्या शेडपुढं. जाताना तो मला हात करायचा. आमच्याकडं आप्पासाहेबांनी शहरातून कुणी दुसरा आणला. तोही रॅम खोडरबरनं पुसायचा, पण काय करतोय ते कुणाला सांगायचा नाही.